भट्टीखालील अग्नि

प्रश्न दोन ओळींचा असावा आणि त्याचें उत्तर मात्र दीड-दोन हजार वर्षांच्या इतिहासांत विखुरलेलें सांपडावें, असा प्रसंग अध्यापकाच्या आयुष्यांत क्वचितच येतो. तसा एक प्रसंग नुकताच आमच्यावर आला. आमचा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त न्यूझीलंडमध्यें स्थायिक झाला आहे. त्या देशांत इ. स. १९९६ पासून गृहस्थास स्वतःच्या उपयोगापुरतें मद्य घरीं गाळण्याची मोकळीक आहे. विकण्याची मात्र नाहीं. परसांतील सफरचंदें दरवर्षीं कुजून जातात, म्हणून या महाशयांनीं तांब्याचें एक लहानसें यंत्र आणविलें आणि आम्हांस पत्र लिहिलें : "सर, यंत्राखालीं ठेवण्यास गॅसचा बर्नर कोणता घ्यावा? दुकानदार म्हणतो, जितका मोठा तितका चांगला. आपण रसायनाचे नव्हे, इतिहासाचे अध्यापक आहांत हें मी विसरलों नाहीं. परंतु रसायनाच्या अध्यापकांस विचारलें तर ते आकडे सांगतील, आणि मला आकड्यांबरोबर थोडें शहाणपणही हवें आहे."

पत्र वाचून प्रथम आम्हांस हंसूं आलें. आम्ही स्वतः या रसाचे रसिक नाहीं. आणि ज्या राज्यांत आम्ही राहतों तेथें १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वयें परवान्यावांचून भट्टी लावणें हा गुन्हा आहे. तेव्हां पुढील विवेचन अनुकरणासाठीं नव्हे, हें आरंभींच सांगून ठेवणें बरें. परंतु विचार करूं लागलों तेव्हां ध्यानांत आलें कीं, ज्या यंत्रांतून दारू निघते त्याच यंत्रांतून गुलाबपाणी निघतें, अत्तर निघतें, औषधी अर्क निघतात आणि शुद्ध जल निघतें. ऊर्ध्वपातन ही मनुष्याच्या फार जुन्या आणि फार उपयुक्त कलांपैकीं एक आहे. या कलेचा इतिहास लिहिणाऱ्यांनीं भांड्यांचीं चित्रें काढलीं, नळ्यांचे आकार वर्णिले, कोणी काय शोधिलें याच्या याद्या केल्या. पण भांड्याखालीं जो अग्नि जळत होता त्याच्याकडे बहुधा ओझरतेंच पाहिलें. वस्तुतः या कलेंत जें कांहीं बरें-वाईट घडलें तें पुष्कळ अंशीं त्या अग्नीमुळें घडलें. दूध चुलीवर ठेवून माजघरांत गेलेल्या गृहिणीस हें निराळें सांगावयास नको.

प्रथम या क्रियेचें स्वरूप थोडक्यांत सांगतों. शुद्ध मद्यार्क सुमारे ७८ अंश उष्णतेवर उकळतो आणि पाणी १०० अंशांवर. दोहोंचें मिश्रण तापविलें असतां या दोन टोंकांच्या मध्यें कोठें तरी तें उकळूं लागतें, आणि निघणाऱ्या वाफेंत मद्यार्काचा अंश मूळच्या मिश्रणापेक्षां अधिक असतो. ती वाफ नळींतून नेऊन थंड केली कीं तिचे थेंब होतात. एवढीच काय ती क्रिया. परंतु तळाशीं जाळ फार झाला तर आंतील साका करपतो आणि त्याची जळकी चव थेंबाथेंबांत उतरते. उकळी अनावर झाली तर फेंसच नळींत चढतो. आणि वाफ थंड होण्याच्या आंत पुढें ढकलली गेली तर ती थेंब न होतां बाहेर पडते. उलट जाळ फार थोडा असेल तर कांहींच निघत नाहीं. तात्पर्य, यंत्र कितीही उत्तम असलें तरी त्याखालचा अग्नि योग्य प्रमाणांत नसेल तर सर्व व्यर्थ.

हें प्रमाण राखण्याची पहिली प्रसिद्ध युक्ति एका स्त्रीच्या नांवाशीं जोडली गेली आहे. इजिप्तमधील झोसिमॉस नांवाचा किमयागार इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या अखेरीस होऊन गेला. त्याच्या लेखनांत आपल्या आधीच्या मारिया नांवाच्या यहुदी विदुषीचा तो आदरानें उल्लेख करितो, आणि तीन तोंडांचें एक ऊर्ध्वपातनयंत्र तिच्या नांवावर सांगतो. भांडें प्रत्यक्ष जाळावर न ठेवतां तप्त पाण्यांत ठेवण्याची जी रीति, तिला युरोपांत आजही 'मारियेचें स्नान' अशा अर्थाचें नांव आहे. पाण्याची उष्णता उकळीच्या वर जात नाहीं. म्हणून खालीं जाळ कितीही भडकला तरी वरच्या भांड्यास मर्यादेबाहेर आंच लागत नाहीं. अग्नि आणि वस्तु यांच्यामध्यें एक संथ मध्यस्थ बसवावा, ही कल्पना किती साधी! परंतु पुढील सर्व इतिहासाचें बीज तींत आहे.

आपल्याकडील रसशास्त्रानें याच प्रश्नाचा विचार निराळ्या दिशेनें केला. 'रसरत्नसमुच्चय' या ग्रंथांत यंत्रांचें जें प्रकरण आहे त्यांत दोलायंत्र, वालुकायंत्र, तिर्यक्पातनयंत्र इत्यादि अनेक यंत्रें वर्णिलीं आहेत. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनीं १९०२ मध्यें आपल्या हिंदु रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला भाग प्रसिद्ध केला, तेव्हां या यंत्रांकडे आधुनिक सुशिक्षितांचें लक्ष प्रथम वेधलें. तिर्यक्पातनयंत्र म्हणजे दोन घट आणि त्यांस जोडणारी एक तिरपी नळी. सांधे मातीनें लिंपावयाचे, एका घटाखालीं अग्नि द्यावयाचा आणि दुसरा थंड पाण्यानें शांत ठेवावयाचा. त्याखालीं तीव्र अग्नि सांगितला आहे, आणि तें योग्यच आहे. कारण त्यांत गाळावयाचा तो पारा, आणि पारा सुमारे ३५७ अंशांपर्यंत उकळत नाहीं. उलट वालुकायंत्रांत कांचेची कुपी वाळूनें भरलेल्या मडक्यांत पुरतात आणि आंच क्रमाक्रमानें, मृदु, मध्यम व तीव्र अशी वाढवीत नेतात. मारियेनें जेथें पाण्यास मध्यस्थ केलें तेथें आमच्या वैद्यांनीं वाळूस केलें, इतकाच फरक.

परंतु याहून मनोरंजक गोष्ट म्हणजे 'पुट' ही कल्पना. ती ऊर्ध्वपातनाची नव्हे, भस्में करण्याची. तथापि आमच्या विषयास तिचा मोठा उपयोग आहे. हातांत उष्णतामापक नसतां अग्नि मोजावा कसा? आमच्या पूर्वजांनीं तो खड्ड्याच्या आकारानें आणि गोवऱ्यांच्या संख्येनें मोजिला. कपोतपुटास आठ रानगोवऱ्या पुरत. महापुटास हजाराहून अधिक लागत. आणि मध्यें कुक्कुटपुट, वाराहपुट, गजपुट अशा पायऱ्या होत्या. कबुतरापासून हत्तीपर्यंत अग्नीचीं हीं मापें ऐकून विद्यार्थी वर्गांत हंसतात. त्यांस आम्ही एवढेंच सांगतों कीं, दुकानदार ज्या बर्नराची शक्ति मोठ्या आकड्यांनीं सांगतो त्याच जातीचें हें माप आहे. फरक असला तर हाच कीं, जुन्या ग्रंथकारानें पदार्थ पाहून अग्नि नेमिला आणि आजचा दुकानदार गिऱ्हाईक पाहून नेमितो.

ही परंपरा केवळ पोथींत राहिली असें नाहीं. उत्तर हिंदुस्थानांत कनौज येथें अत्तराचा धंदा आजही जुन्या पद्धतीनें चालतो. तांब्याच्या देगेंत फुलें आणि पाणी घालून तोंड मातीनें बंद करितात. वेळूच्या चोंग्यांतून वाफ भपक्यांत जाते आणि भपका पाण्याच्या हौदांत बुडविलेला असतो. खालीं लांकडांचा व गोवऱ्यांचा जाळ. तेथें उष्णतामापक नाहीं, दाबमापक नाहीं. कारागीर हात लावून भपका किती तापला तें पाहतो, देग फार तापली तर ओल्या फडक्यानें पुसून शांत करितो, आणि जाळांतून एखादें लांकूड ओढून घेतो. गुलाबाचा प्राण पळून जाऊं नये म्हणून माणसाचा हात, कान आणि नाक हींच तेथें यंत्राचीं अंगें झालेलीं असतात.

युरोपांतही मध्ययुगांत हीच स्थिति होती. किमयागार अग्नीच्या चार पायऱ्या मानीत : पहिली जलाची, दुसरी राखेची, तिसरी वाळूची आणि चौथी उघड्या ज्वाळेची. स्ट्रासबर्ग येथील वैद्य हिएरोनिमस ब्रुन्श्विग यानें १५०० मध्यें ऊर्ध्वपातनावर एक सचित्र ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. त्यांत सूर्याच्या उन्हाचा आणि घोड्याच्या लिदेच्या ऊबेचाही उष्णतेचीं साधनें म्हणून विचार केला आहे. रात्रंदिवस जागून जाळ सारखा करण्याचा कंटाळा आला तेव्हां किमयागारांनीं एक निराळी भट्टी योजिली. तिच्या उंच धुराड्यासारख्या भागांत कोळसा भरून ठेवीत. खालचा जळे तसतसा वरचा आपोआप खालीं उतरे. या भट्टीचें 'अथानोर' हें नांव अरबी 'अत्-तन्नूर' या शब्दावरून आलें. तोच शब्द फिरत फिरत आपल्याकडे 'तंदूर' होऊन आला आहे. ज्या भट्टींत युरोपीय किमयागार परीस शोधीत होता ती आपल्या रोटीच्या भट्टीची नात्यानें बहीणच होय!

येथवर अग्नि सांभाळणें ही केवळ हातोटी होती. तिचें शास्त्र झालें तें स्कॉटलंडांत, आणि आश्चर्याची गोष्ट ही कीं, एका दारू गाळणाऱ्याच्या बोलण्यावरून झालें. ग्लासगो विद्यापीठांत जोसेफ ब्लॅक नांवाचे प्राध्यापक उष्णतेच्या स्वरूपाचा विचार करीत होते. एके दिवशीं एका अनुभवी भट्टीवाल्यानें त्यांस सहज सांगितलें कीं, माझी भट्टी नीट चालत असली म्हणजे तासाभरांत किती अर्क निघेल तें मी अगदीं शेराच्या मापानें सांगूं शकतों. सामान्य श्रोत्यानें ही बढाई म्हणून सोडून दिली असती. ब्लॅक यांस तींत निसर्गाचा नियम दिसला. अग्नि सारखा असेल तर ठराविक वेळांत ठराविकच वाफ निघते. म्हणजे प्रत्येक थेंबाची वाफ होण्यास उष्णतेचा ठराविक भाग लागतो. १७६२ च्या सुमारास त्यांनीं पत्र्याच्या भांड्यांत थोडें थंड पाणी घालून तें तापलेल्या लोखंडी पत्र्यावर ठेवलें. सुमारें चार मिनिटांत पाणी उकळूं लागलें. परंतु तें आटून जावयास त्यापुढें सुमारें वीस मिनिटें लागलीं. या वीस मिनिटांत पाण्याची उष्णता एक अंशही वाढली नव्हती. मग ती सर्व आंच गेली कोठें? ती वाफेंत गुप्त होऊन राहिली, असें ब्लॅक यांनीं सिद्ध केलें. या 'गुप्त उष्णते'चें माप आज अधिक अचूक झालें आहे : एक ग्रॅम पाणी एक अंश तापविण्यास एक कॅलरी लागते, तर उकळत्या पाण्याची वाफ करण्यास ग्रॅममागें सुमारें ५४० कॅलरी लागतात.

या शोधाचा आमच्या प्रश्नाशीं संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध अगदीं निकटचा आहे. उकळी फुटल्यावर भांड्याखालचा जाळ दुप्पट केला तर आंतील द्रव दुप्पट तापत नाहीं. केवळ वाफ दुप्पट निघते. ती वाफ जेथें थंड व्हावयाची तेथें तिनें आपली गुप्त उष्णता परत दिली पाहिजे, आणि ती घेण्यास तितकें थंड पाणी तेथें पाहिजे. नाहीं तर ती तशीच बाहेर पडते. म्हणजे खालचा अग्नि किती मोठा असावा हें अग्नीनें ठरवावयाचें नाहीं, तें वरच्या थंडाव्यानें ठरवावयाचें. कनौजचा कारागीर भपक्यावर हात ठेवून जें जाणत होता तेंच ब्लॅक यांनीं आकड्यांत मांडलें.

परंतु शास्त्र समजलें म्हणजे मनुष्य शहाणपणानें वागतो असें थोडेंच आहे! ब्लॅक यांच्या या प्रयोगास पंचवीस वर्षें झालीं नाहींत तोंच त्यांच्याच देशांत घाईच्या अग्नीचा एक विलक्षण अध्याय लिहिला गेला, आणि तो सरकारच्या हातून लिहिला गेला. दक्षिण स्कॉटलंडांतील भट्ट्यांवर १७८६ मध्यें नव्या रीतीनें कर बसविण्यांत आला. किती मद्य निघालें हें मोजण्याऐवजीं भट्टीचें भांडें किती मोठें आहे हें पाहून, त्याच्या दर गॅलनामागें वर्षास दीड पौंड घ्यावे, असें ठरलें. भट्टी आठवड्यांत किती वेळां भरेल याचा एक अंदाज सरकारनें मनांत धरला होता. भट्टीवाल्यांनीं तो साफ खोटा पाडला. कर भांड्यावर आहे, कामावर नाहीं, हें ध्यानांत येतांच त्यांनीं भांडीं परातीसारखीं रुंद आणि उथळ करून घेतलीं, खालीं प्रचंड जाळ घातला, आणि जो घाणा पूर्वीं तासांनीं उतरे तो मिनिटांनीं उतरूं लागला. सरकारनें कर वाढविला; त्यांनीं जाळ वाढविला. अकरा वर्षांत, म्हणजे १७९७ पर्यंत, हा कर गॅलनामागें ५४ पौंडांवर जाऊन पोंचला. या शर्यतींत सरकारास अपेक्षित पैसा मिळाला नाहीं, धान्य आणि कोळसा यांचा नाश झाला, आणि जें पेय निघालें तें करपट व कडक असें निघालें.

त्याच काळीं उत्तरेकडील डोंगराळ भागांत चोरून गाळणारे लोक लहान भांड्याखालीं मंद आंच ठेवून सावकाश काम करीत होते. त्यांस परवाना नव्हता, म्हणून घाईही नव्हती. परिणाम असा झाला कीं, कायद्याची दारू वाईट आणि चोरीची दारू चांगली अशी त्या देशांत ख्याति पसरली. १८२२ मध्यें राजा चौथा जॉर्ज एडिंबरो येथें आला, तेव्हां त्याच्यासाठीं ग्लेनलिव्हेट खोऱ्यांतील चोरटी व्हिस्की मुद्दाम मिळविण्यांत आली, असें एका तत्कालीन बाईंच्या आठवणींत नमूद आहे. ज्याच्या नांवानें कायदे निघत त्याच्याच पेल्यांत कायद्याचें हसें झालें! पुढील वर्षीं, १८२३ मध्यें, नवा कायदा झाला. परवान्यास वर्षाला दहा पौंड आणि बाकीचा कर प्रत्यक्ष निघालेल्या मद्यावर, अशी सोपी व्यवस्था झाली. भांड्याखालीं आंच मंद ठेवण्यांत आतां तोटा राहिला नाहीं. आम्हांस वाटतें, राज्यकर्त्यांनीं हा अध्याय वाचण्यासारखा आहे. कर कशावर बसविला यावरून शेकडों भट्ट्यांखालील जाळाची उंची बदलली. चांगल्या कारागिरास वाईट काम करण्यास भाग पाडणारा कायदा तो हाच.

यानंतर अग्नीस भांड्याखालून दूर नेण्याचा मोठा प्रयत्न झाला. ईनिआस कॉफी हा आयर्लंडांत अबकारी खात्याचा अधिकारी होता. चोरट्या भट्ट्या पकडण्यांत त्याचें आयुष्य गेलें होतें. त्यानें १८३० मध्यें एका नव्या यंत्राचा हक्क नोंदविला. त्यांत उंच स्तंभांतून एका बाजूनें द्रव खालीं येतो आणि दुसऱ्या बाजूनें तप्त वाफ वर जाते. दोहोंची गांठ पडतां पडतां मद्यार्क निघून येतो. जाळ आहे तो दूरच्या बॉयलरखालीं. करपण्यास तळच उरला नाहीं. मारियेनें जो मध्यस्थ बसविला होता त्याचेंच हें विराट् रूप होय.

मोठ्या कारखान्यांची सोय अशी झाली. पण लहान प्रयोगशाळेंत आणि घरांत काय? तेथें तेलाचा किंवा स्पिरिटचा दिवा, नाहीं तर कोळशाची शेगडी, एवढींच साधनें होतीं. दगडी कोळशापासून काढलेला गॅस १८१२ मध्यें सनद मिळालेल्या कंपनीनें लंडनच्या रस्त्यांवर आणला, आणि आपल्या मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे १८६५ मध्यें लागले. परंतु हा गॅस उजेडासाठीं होता. त्याची पिवळी ज्योत उजेड देई, कारण तींत न जळलेले कोळशाचे कण तापून प्रकाशत. भांड्याखालीं ठेवली तर ती आंच थोडी आणि काजळी फार देई. मायकेल फॅरडे यानें १८२७ मध्यें लिहिलेल्या रासायनिक कृतींच्या ग्रंथांत गॅसनें तापविण्याचा विचार केलेला आहे. लंडनमध्यें गॅस आणि हवा यांचें मिश्रण तारेच्या जाळीवर जाळण्याचे दिवेही निघाले होते; परंतु त्यांची आंच पसरट आणि कमजोर असे.

या अडचणींतून मार्ग काढला तो हायडेलबर्ग विद्यापीठांतील रॉबर्ट बुन्सेन यांनीं. १८५२ मध्यें ते तेथें आले. त्यांच्यासाठीं बांधलेली नवी प्रयोगशाळा १८५५ मध्यें तयार झाली, आणि गांवांत गॅस आलेलाच होता. जाळी न वापरतां, गॅस जळण्यापूर्वींच नळींत त्याची हवेशीं गांठ घालावी, म्हणजे ज्योत निर्धूम आणि कडक होईल, असा त्यांचा विचार. विद्यापीठाचा उपकरणकार पेटर डेसागा यानें त्यास रूप दिलें. रचना इतकी साधी कीं मुलानेंही समजावी : तळाशीं बारीक भोंकांतून गॅस जोरानें वर येतो, त्याच्या ओढीनें बाजूच्या छिद्रांतून हवा आंत शिरते, दोन्ही उभ्या नळींत मिसळतात आणि वरच्या तोंडाशीं निळ्या ज्योतीनें जळतात. बुन्सेन यांनीं या युक्तीचा हक्क राखून ठेवला नाहीं. १८५७ मध्यें आपला शिष्य हेन्री रॉस्को याच्यासह तिचें वर्णन प्रसिद्ध करून टाकलें. आज घरोघरीं स्वयंपाकाच्या गॅसवर जी निळी ज्योत दिसते तिची कुळी हीच. शिक्षकाच्या पगारावर जगणाऱ्या माणसानें जगास दिलेली ही देणगी आहे, आणि तिचें कोणास एक पैसाही मोल द्यावें लागलें नाहीं, हें आमच्या व्यवसायबंधूंनीं अभिमानानें आठवावें.

या ज्योतीनें मनुष्याच्या हातीं असा अग्नि दिला कीं, जो एका किल्लीनें वाढतो आणि एका किल्लीनें कमी होतो. लांकूड ओढून घेण्याचें, राख सारण्याचें, रात्रभर जागण्याचें काम संपलें. पण म्हणून आंच किती ठेवावी हा विचार संपला काय? मुळींच नाहीं. उलट पूर्वीं जाळ वाढविण्यास श्रम पडत, म्हणून मनुष्य आपोआप मर्यादेंत राही. आतां वाढविण्यास बोटाची एक हालचाल पुरते. जपानांत योइचि येथें मासाताका ताकेत्सुरु यांनीं १९३४ मध्यें स्थापिलेल्या भट्टींत आजही कोळशाचाच जाळ वापरतात आणि माणूस फावड्यानें कोळसा घालतो. आमच्या शेजारीं गोव्यांत काजूच्या हंगामांत ज्या भट्ट्या लागतात, त्यांतही पुष्कळ ठिकाणीं लांकडाच्याच जाळावर पहिल्या धारेचा हुर्राक आणि पुन्हां गाळून फेणी काढतात. हे लोक अडाणी आहेत म्हणून असें करितात असें नव्हे. ते आपल्या अग्नीस ओळखतात, म्हणून करितात.

आतां एका गोष्टीचा उच्चार केल्यावांचून पुढें जाणें योग्य नाहीं. उघडी ज्योत आणि मद्यार्काची वाफ हीं एकमेकांचीं शत्रु आहेत. मद्यार्काची वाफ हवेपेक्षां जड असते. ती सांध्यांतून सुटली तर खालीं उतरते आणि खालीं ज्योत वाट पाहतच असते. टांकीच्या गॅसचेंही तसेंच. तो गळाला तर जमिनीलगत सांचून राहतो. बंद खोलींत ज्योत हवा खाऊन टाकते आणि अपुऱ्या ज्वलनानें विषारी वायु उत्पन्न होतो, ज्यास वास नाहीं आणि रंगही नाहीं. भट्टीला लागलेल्या आगी या कलेच्या इतिहासांत पानोपानीं आहेत. अतिरिक्त जाळ म्हणजे केवळ वाईट चव नव्हे. थंड न झालेली वाफ ज्योतीकडे पाठविण्याचा तो राजमार्ग आहे.

असो. एवढा इतिहास चाळून झाल्यावर आम्हीं आमच्या विद्यार्थ्यास जें उत्तर लिहिलें त्याचा सारांश असा : "चि. ——, दुकानदाराचें ऐकूं नकोस. बर्नर किती मोठी आंच देतो हें विचारूं नकोस. किती लहान आंच तो न विझतां, न फडफडतां स्थिर ठेवूं शकतो हें विचार. मोठ्या बर्नराची किल्ली फार आवळली तर ज्योत वाऱ्यानें विझते, नाहीं तर उलटून नळींत शिरते. एकाच ठिकाणीं फुंकणीसारखा जाळ सोडणारा नको. कड्यासारखा, तळावर सारखी आंच पसरणारा घे. ज्योत निळी असावी. पिवळी दिसली तर हवा कमी पडते असें समज. तुझ्या टांकींतील गॅस जुन्या कोळशाच्या गॅसच्या सुमारें पांचपट उष्णता देणारा आहे. तेव्हां ज्या गॅससाठीं बर्नर केलेला असेल तोच त्यास दे, भोंकांशीं खेळ करूं नकोस. यंत्र उघड्यावर मांड, सांधे पाहून घे, थेंब जेथें पडतात तें पात्र ज्योतीपासून दूर ठेव, आणि तेथून उठून जाऊं नकोस. वरचें पाणी जितकी वाफ थंड करूं शकेल तितकाच खालीं जाळ असूं दे. याहूनही चांगलें म्हणजे उघडी ज्योतच नको. मारियेचें ऐक आणि मध्यें कोणी तरी मध्यस्थ बसव."

उत्तर टपालांत टाकून घरीं आलों तेव्हां स्वयंपाकघरांत दूध तापत होतें. आमच्या कुटुंबानें बोलतां बोलतां हात पुढें करून किल्ली थोडी फिरविली, आणि वर चढत आलेली साय जागच्याजागीं बसली. तिनें ना ब्लॅक यांचें नांव ऐकलें होतें, ना बुन्सेन यांचें. परंतु आमच्या दोन हजार वर्षांच्या इतिहासाचें सार त्या एका हालचालींत होतें, हें आम्हांस कबूल करावें लागलें. अग्नि हातीं येणें ही मनुष्याची पहिली विद्या खरी. पण तो वेळेवर कमी करतां येणें ही विद्या प्रत्येक पिढीला पुन्हां नव्यानें शिकावी लागते.